पारदर्शक कृमी आणि चार नोबेल

दरवर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नोबेल पारितोषिके जाहीर होतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात विजेत्यांची छायाचित्रे येतात, बक्षिसाची रक्कम येते आणि शोधाबद्दल दोन ओळी येतात. एखादा चौकस विद्यार्थी ते कात्रण घेऊन शिक्षकांसमोर उभा राहतो आणि विचारतो, "यांनी नेमके केले काय?" त्या दोन ओळींवरून उत्तर देणे कठीणच असते. २०२४ सालचे वैद्यकशास्त्राचे पारितोषिक व्हिक्टर ॲम्ब्रॉस आणि गॅरी रव्हकुन यांना 'मायक्रो-आरएनए'च्या शोधासाठी मिळाले. हा शोध माणसात किंवा उंदरात लागलेला नाही. तो लागला मातीत आणि कुजक्या फळांत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीत. या कृमीवरच्या कामाला २००२, २००६ आणि २००८ मध्येही नोबेल मिळाले होते, म्हणजे २०२४ चे हे चौथे. माग काढत गेले तर या चारही पारितोषिकांचे धागे इंग्लंडमधल्या केंब्रिज येथील एकाच संस्थेपर्यंत पोचतात. त्या संस्थेची आणि त्या कृमीची ही हकिगत आहे.

संस्थेचे नाव 'लॅबोरेटरी ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी', म्हणजे रेणवीय जीवशास्त्राची प्रयोगशाळा. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने, म्हणजे सरकारी पैशाने, ती चालवली जाते. तिची सुरुवात १९४७ मध्ये कॅव्हेंडिश या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एका छोट्या गटाने झाली. त्या गटात मुख्यतः दोघे होते, माक्स पेरुत्झ आणि जॉन केंड्र्यू. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना सांगितली ती याच गटात असताना. १९६२ मध्ये संस्थेला स्वतःची इमारत मिळाली आणि त्याच वर्षी पेरुत्झ, केंड्र्यू, क्रिक व वॉटसन अशा चौघांना नोबेल मिळाले. पुढे फ्रेडरिक सँगर, ॲरन क्लुग, सेझार मिलस्टीन, जॉन वॉकर अशी नावे वाढत गेली. चिदंबरमला जन्मलेले आणि बडोद्याला भौतिकशास्त्र शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ मध्ये रायबोसोमच्या रचनेसाठी पारितोषिक मिळाले, तेही याच संस्थेत काम करताना. आजपर्यंत १२ पारितोषिके आणि १६ मानकरी असा संस्थेचा हिशेब आहे. पेरुत्झ यांच्या पत्नी गिझेला तिथले उपाहारगृह पाहत असत. सकाळची कॉफी, दुपारचे जेवण आणि चहा यांसाठी लहानथोर सगळे एकाच खोलीत येत, त्यामुळे कोणाचे काय अडले आहे हे सर्वांना ठाऊक असे. नोबेलच्या यादीपेक्षा मला या उपाहारगृहाचे अप्रूप अधिक वाटते.

आता सिडनी ब्रेनर यांच्याकडे वळू. ब्रेनर दक्षिण आफ्रिकेतल्या एका चर्मकाराचे चिरंजीव. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेजारच्या बाईंच्या टेबलावर कापडाऐवजी जुनी वर्तमानपत्रे अंथरलेली असत, त्यांवरून त्या बाईंनी छोट्या सिडनीला अक्षरे शिकवली. हाच मुलगा पुढे केंब्रिजला आला. डीएनएतील माहिती तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत लिहिलेली असते हे १९६१ मध्ये क्रिक यांच्याबरोबर त्याने सिद्ध केले. डीएनएचा निरोप प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेकडे 'संदेशक आरएनए' नेतो, हे दाखवण्यातही त्याचा वाटा होता. इतक्या यशानंतर माणूस त्याच वाटेने चालत राहतो. ब्रेनर यांनी मात्र जून १९६३ मध्ये पेरुत्झ यांना एक पत्र लिहिले. त्याचा आशय असा होता की रेणवीय जीवशास्त्रातले मूळ प्रश्न सुटले आहेत किंवा येत्या दहा वर्षांत सुटतील, तेव्हा आता पुढच्या प्रांतात शिरावे. एका फलित अंड्यापासून अख्खा प्राणी कसा घडतो आणि त्याची चेतासंस्था कशी चालते, हे ते पुढचे प्रांत होते.

पण कोणता प्राणी घ्यायचा? जीवशास्त्रात प्रयोगाचा प्राणी निवडणे हे निम्मे संशोधन असते, आणि पाठ्यपुस्तकात नेमका हाच भाग येत नाही. मेंडेलला वाटाणा मिळाला नसता तर काय झाले असते, याचा विचार करून पाहा. ब्रेनर यांना माशी नको होती, कारण तिच्या चेतासंस्थेतच लाखभर पेशी. एकपेशीय जीवही नको होता, कारण त्यात अवयवच नाहीत. त्यांना असा प्राणी हवा होता, ज्यात पेशी मोजता येण्याइतक्या कमी असतील आणि तरीही स्नायू, आतडे, चेतापेशी, जननेंद्रिये असे सगळे असेल. तो भराभर वाढावा, प्रयोगशाळेत स्वस्तात पोसता यावा, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे पातळ काप काढता यावेत इतका लहान असावा. बऱ्याच शोधाशोधीनंतर त्यांनी सूत्रकृमी निवडला. सुरुवातीच्या प्रस्तावात त्याच कुलातली दुसरी जात होती. अखेर निवड झाली ती 'सिनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स' या जातीची. १९०० साली अल्जीरियात मोपा या शास्त्रज्ञाने तिचे प्रथम वर्णन केले होते. नाव मोठे अवघड आहे, म्हणून या लेखात आपण त्याला नुसते 'एलेगन्स' म्हणू. ब्रेनर यांच्या कृमींचा मूळ वंश ब्रिस्टलजवळच्या अळंबीच्या खतातला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत 'एन-२' या नावाने जो प्रमाण वाण वापरतात तो हाच.

एलेगन्सचे गुण शिक्षकांनाही आवडावेत असे आहेत. तो काचेसारखा पारदर्शक असतो. जिवंत कृमी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर आतली घशाची हालचाल, आतडे, पोटातली अंडी, सगळे दिसते. आगरच्या बशीवर ई. कोलाय जीवाणूंचा पातळ थर दिला की त्याचे जेवण झाले. अंड्यापासून अंडी घालणाऱ्या प्रौढापर्यंत तो सुमारे साडेतीन दिवसांत पोचतो आणि दोन-तीन आठवडे जगतो. बहुतेक कृमी उभयलिंगी असतात आणि स्वतःच्याच शुक्रपेशींनी स्वतःची अंडी फलित करून सुमारे ३०० पिले देतात. नर क्वचित निपजतात, पण निपजतात, त्यामुळे हवा तेव्हा संकरही करता येतो. शिवाय हे कृमी गोठवून ठेवता येतात आणि वर्षानुवर्षांनी उबेला आणले की पुन्हा वळवळू लागतात. जनुकशास्त्रज्ञाला याहून अधिक काय हवे?

ब्रेनर यांनी कृमींना जनुकांत बदल घडवणारे रसायन दिले आणि त्यांच्या वंशजांत वेगळे दिसणारे किंवा वेगळे वागणारे कृमी शोधले. कोणी आखूड व जाड, कोणी नीट सरपटू न शकणारे, कोणी स्पर्शाची जाणीवच नसलेले. असे सुमारे ३०० वाण त्यांनी वेगळे केले, त्यांचे संकर केले आणि सुमारे १०० जनुकांची ओळख पटवली. हे सारे एका मोठ्या शोधनिबंधात १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. पत्र १९६३ चे आणि पहिला भरीव निबंध १९७४ चा, म्हणजे मध्ये ११ वर्षे गेली! प्रकल्पांचे अर्ज तपासणाऱ्या समित्यांवर मी अधूनमधून बसतो. तिथे दर वर्षाच्या अखेरीस 'साध्य झालेली उद्दिष्टे' असा एक रकाना भरून द्यावा लागतो. ब्रेनर यांना तो रकाना भरावा लागता तर त्यांनी त्यात काय लिहिले असते, असा प्रश्न मला दर वेळी पडतो.

१९६९ मध्ये जॉन सल्स्टन या गटात आले. त्यांची डॉक्टरेट रसायनशास्त्रातली. त्यांना मोठमोठ्या सिद्धान्तांपेक्षा हाताने काम करण्याची आवड होती. कृमी अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या पोटाकडच्या चेतारज्जूत जेवढ्या पेशी असतात, त्यांहून अधिक पेशी प्रौढ कृमीत दिसतात, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे मधल्या काळात नव्या पेशी तयार होत असल्या पाहिजेत. पण कोठून? मग त्यांनी पाहायचे ठरवले. 'नोमार्स्की' नावाच्या प्रकाशीय पद्धतीत रंग न देता, जिवंत पेशींची केंद्रके उठावदार खळग्यांसारखी दिसतात. आगरच्या पातळ थरावर कृमीला थोडे खायला देऊन ठेवले की तो एका जागी चरत राहतो. एक केंद्रक निवडायचे आणि नजर न हलवता त्याच्यावर पहारा करायचा. ते दुभंगले की दोन्ही कन्यापेशींची नोंद करायची आणि पुन्हा पहारा.

अंड्यातून बाहेर पडल्यानंतरची वंशावळ सल्स्टन यांनी रॉबर्ट हॉर्विट्झ या अमेरिकन सहकाऱ्याबरोबर १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. हॉर्विट्झ मुळात गणित आणि अर्थशास्त्र शिकलेले. उरला होता अंड्याच्या आतला भाग, आणि तो फार अवघड होता. एकाच पेशीपासून सुमारे १४ तासांत पिलू तयार होते आणि बहुतेक विभाजने पहिल्या अर्ध्या वेळातच उरकतात. त्यानंतर भ्रूण आतल्या आत वळवळू लागतो, मग नजर टिकवणे दुरापास्त. सल्स्टन सुमारे दीड वर्ष रोज चार-चार तासांच्या दोन बैठका मारून एकटेच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. एका बैठकीत अंड्याचा एक कोपरा आणि काही थोड्या पेशी एवढेच पाहून होई, पुढचा कोपरा पुढच्या अंड्यात. हे तुकडे जोडता येतात, कारण या कृमीत विभाजनांचा क्रम प्रत्येक अंड्यात जवळजवळ तसाच्या तसा असतो. आज पाहिलेली पेशी उद्याच्या अंड्यात त्याच जागी, त्याच मिनिटाच्या आसपास दुभंगते. १९८३ मध्ये भ्रूणाची वंशावळ प्रसिद्ध झाली आणि एका प्राण्याच्या प्रत्येक पेशीचा जन्म, तिचे आईबाप नव्हे तर तिची एकुलती आई, आणि तिचा शेवट यांची संपूर्ण नोंद माणसाच्या हाती आली. असे त्यापूर्वी कोणत्याही प्राण्याच्या बाबतीत झाले नव्हते.

आकडे असे आहेत. भ्रूणावस्थेत ६७१ पेशी निर्माण होतात. (गणिताच्या तासाला विचारण्याजोगा प्रश्न : एका पेशीपासून ६७१ पेशी व्हायला किती विभाजने लागतील? उत्तर ६७० आहे, कारण प्रत्येक विभाजनाने संख्या एकानेच वाढते. पण मुले हमखास २ चे घात मांडू लागतात.) अंड्याबाहेर आल्यावर आणखी पेशी तयार होतात. जननपेशी सोडून उभयलिंगी कृमीत एकूण १०९० पेशी निर्माण होतात. पण प्रौढ कृमीच्या शरीरातील केंद्रके मोजली तर ती भरतात ९५९. उरलेल्या १३१ पेशी गेल्या कोठे?

त्या मरतात. अपघाताने नाही, उपासमारीनेही नाही. त्याच १३१ पेशी, प्रत्येक कृमीत, ठरलेल्या वेळी मरतात. पेशी जन्माला येते, थोड्याच वेळात आक्रसते, सूक्ष्मदर्शकाखाली बटणासारखी गोल, चकचकीत दिसू लागते आणि शेजारची पेशी तिला गिळून टाकते. तासाभरात खेळ खलास. या १३१ पैकी १०५ पेशी चेतापेशी होण्याच्या मार्गावरच्या असतात.

पेशी स्वतःहून मरतात ही कल्पना अगदी नवी नव्हती. बेडकाच्या पिलाची शेपूट जिरते ती पेशी मरूनच. आपले हातही गर्भावस्थेत आधी वल्ह्यासारखे असतात. बोटांच्या मधल्या पेशी मरतात म्हणून बोटे सुटी होतात. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी अशा मृत्यूला 'ॲपॉप्टॉसिस' हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पानगळ. पण पेशी कशी मरते, तिला कोण मारते, याचा पत्ता नव्हता. ऊतीच्या लाखो पेशींत एखादी मरताना सापडणे म्हणजे जत्रेत हरवलेले मूल शोधण्यासारखेच. एलेगन्सने ही अडचण दूर केली. इथे कोणती पेशी कोणत्या मिनिटाला मरणार हे आधीच ठाऊक होते.

यापुढचे काम हॉर्विट्झ यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत परतल्यावर केले. त्यांची पद्धत मुलांना जरूर समजावून सांगावी. ज्या कृमीत पेशी मरत नाहीत असा कृमी शोधायचा होता. पण न घडलेली गोष्ट पाहायची कशी? मेलेली पेशी तासाभरात गिळली जात असल्याने कोणत्याही क्षणी कृमीत प्रेते जवळजवळ नसतातच, मग 'प्रेते नाहीत' यावरून काहीच कळत नाही. तोडगा असा निघाला की आधी असा वाण घ्यायचा, ज्यात प्रेते गिळणारी यंत्रणा बिघडलेली आहे. त्यात मेलेल्या पेशी तशाच साचून राहतात आणि स्पष्ट दिसतात. मग अशा कृमींत आणखी उत्परिवर्तने घडवायची आणि ज्यांच्यात प्रेते अजिबात दिसत नाहीत ते कृमी निवडायचे. हॉर्विट्झ यांच्या विद्यार्थिनी हिलरी एलिस यांना असा कृमी मिळाला. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात 'सेड-३' आणि 'सेड-४' ही दोन जनुके पुढे आली. यांपैकी एकही बिघडले तर त्या १३१ पेशी मरत नाहीत, जगत राहतात. याचा अर्थ सरळ आहे. पेशीच्या आत तिच्या मृत्यूची सामग्री असते आणि ती जनुकांनी पुरवलेली असते. पुढे 'सेड-९' हे तिसरे जनुक मिळाले, त्याचे काम उलट, ते पेशीला मरू देत नाही. चौथे, 'एगल-१', हे सेड-९ चा पहारा उठवते.

हा कृमीपुरता मामला असता तर कोणी फारशी दखल घेतली नसती. पण १९९३ मध्ये सेड-३ च्या प्रथिनाचा क्रम वाचला तेव्हा तो माणसातल्या प्रथिने कापणाऱ्या एका विकराशी जुळला. 'कॅस्पेज' म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या विकरांचे हे कुटुंब, पेशी मरते तेव्हा हेच तिच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे करतात. सेड-४ चे मानवी भावंड १९९७ मध्ये सापडले. आणि सेड-९ चे भावंड तर कर्करोगतज्ज्ञांना आधीच भेटले होते. लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगात १८ व्या गुणसूत्रावरचे 'बीसीएल-२' हे जनुक तुटून १४ व्या गुणसूत्राला चिकटते आणि बेसुमार काम करू लागते. १९८८ मध्ये लक्षात आले की ते पेशींचे विभाजन वाढवत नाही, मरायला हव्यात त्या पेशींना जगवत ठेवते. १९९२ मध्ये माणसाचे हे जनुक कृमीत घातले, तर कृमीच्या पेशी मरायच्या थांबल्या. माणूस आणि कृमी यांचे वंश वेगळे होऊन कोट्यवधी वर्षे झाली, तरी एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला चालली!

बीसीएल-२ चे काम बंद पाडणारे 'व्हेनेटोक्लॅक्स' हे औषध रक्ताच्या एका चिवट कर्करोगासाठी २०१६ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. कृमीतल्या एगल-१ सारखी माणसात जी प्रथिने आहेत, त्यांची नक्कल हे औषध करते. पहारेकऱ्याला गुंतवून ठेवते आणि पेशीला मरणाची वाट मोकळी करते. औषध कृमीवरून बनले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, त्यामागे कर्करोगतज्ज्ञांची आणि रसायनतज्ज्ञांची स्वतंत्र मेहनत आहे. मात्र या साखळीत कोण कोणाच्या आधी येतो, कोण कोणाला अडवतो, हा क्रम प्रथम कृमीने लावून दिला.

केंब्रिजमध्ये त्याच काळात आणखी एक काम चालले होते. कृमीचे सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचे हजारो काप काढून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक चेतापेशीचा तंतू एका कापातून दुसऱ्या कापात हाताने माग काढत न्यायचा. जॉन व्हाइट, एलीन साउथगेट, निकल थॉमसन आणि ब्रेनर यांनी जवळजवळ १५ वर्षे हे केले. १९८६ मध्ये सुमारे ३४० पानांचा निबंध निघाला आणि त्यात ३०२ चेतापेशींच्या सगळ्या जोडण्या आल्या. एवढा पूर्ण नकाशा हाती असूनही कृमी पुढच्या क्षणी डावीकडे वळेल की उजवीकडे, हे आजही खात्रीने सांगता येत नाही. कोणती जोडणी चेतवणारी, कोणती दाबणारी, आणि भूक लागली की त्यांत काय बदलते, हे नकाशात दिसत नाही. विद्युतमंडलाची आकृती काढली की झाले, असे समजणाऱ्या अभियंत्यांना हे उदाहरण मी मुद्दाम सांगतो.

२००२ चे वैद्यकाचे नोबेल ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ या तिघांना मिळाले. चौथा मानकरी हा कृमीच आहे, असे ब्रेनर आपल्या व्याख्यानात म्हणाले. नोबेलच्या नियमानुसार एक पारितोषिक तिघांपेक्षा अधिक जणांत वाटता येत नाही. व्हाइट, साउथगेट, एलिस यांची नावे म्हणूनच वर्तमानपत्रांत आली नाहीत. साउथगेट तर तंत्रसाहाय्यक म्हणून काम करत होत्या. वर्गात नोबेलची यादी फळ्यावर लिहिताना ही नावेही शेजारी लिहावीत असे मला वाटते.

पुढची दोन पारितोषिके थोडक्यात. अँड्रू फायर यांनी केंब्रिजच्या याच गटात उमेदवारी केली होती. त्यांनी आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये दाखवले की दुपदरी आरएनए कृमीत सोडला तर त्याच्याशी जुळणारे जनुक गप्प होते (२००६, वैद्यक). मार्टिन चॅल्फी हेही ब्रेनर यांच्याकडे शिकलेले. जेलीफिशमधले हिरवे चकाकणारे प्रथिन त्यांनी १९९४ मध्ये कृमीच्या स्पर्श जाणणाऱ्या चेतापेशींत उजळवून दाखवले (२००८, रसायन). प्राणी पारदर्शक असल्याचा फायदा इथे पुन्हा झाला.

आता २०२४ च्या बातमीकडे येऊ. ब्रेनर यांच्या संग्रहात 'लिन-४' नावाचा एक बिघडलेला वाण होता. त्याची पेशींची वंशावळ १९८१ मध्ये चॅल्फी, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांनी तपासली. निरोगी कृमीची वाढ चार अळी-अवस्थांतून होते आणि प्रत्येक अवस्थेतली पेशीविभाजने वेगळी असतात. लिन-४ मध्ये पहिल्या अवस्थेतली विभाजनेच पुन्हा पुन्हा होत राहतात. म्हणजे वर्षे उलटताहेत, उंची वाढते आहे, पण मुलगा दर जूनला पहिलीच्याच वर्गात जाऊन बसतो आहे! सामान्य कृमीची संपूर्ण वंशावळ हाताशी नसती तर 'काहीतरी बिघडले आहे' यापलीकडे कोणाला काही कळले नसते. 'लिन-१४' नावाच्या दुसऱ्या जनुकातल्या बिघाडाने नेमके उलटे होते, पहिली इयत्ता गाळली जाते.

ॲम्ब्रॉस आणि रव्हकुन हे दोघेही हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत उमेदवारी केलेले. पुढे एकाने लिन-४ हाती घेतले, दुसऱ्याने लिन-१४. ॲम्ब्रॉस यांच्या गटात रोझालिंड ली आणि रोंडा फाइनबॉम यांनी लिन-४ जनुक शोधून काढले, तर त्याच्यापासून प्रथिन बनतच नव्हते. बनत होता तो अवघ्या २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा. रव्हकुन यांच्या गटाला तोवर दिसले होते की लिन-१४ चा संदेशक आरएनए तयार होतो, पण योग्य वेळी त्याच्यापासून प्रथिन बनणे थांबते. दोघांनी एका संध्याकाळी एकमेकांना आपापले क्रम कळवले. २२ अक्षरांचा तुकडा लिन-१४ च्या संदेशाच्या शेपटाला पूरक होता, तो तिथे चिकटून संदेशाचे वाचन बंद करतो. लिन-४ बिघडले की हे चिकटणे होत नाही, पहिल्या इयत्तेचे प्रथिन बनतच राहते आणि कृमी पुढे सरकत नाही. १९९३ मध्ये दोन निबंध शेजारी शेजारी छापून आले आणि बहुतेकांनी ही कृमीची खोड समजून सोडून दिली. २००० साली रव्हकुन यांना 'लेट-७' नावाचा असाच दुसरा तुकडा मिळाला. तो मात्र माशी, मासा आणि माणूस, सगळ्यांत होता. माणसात अशा सूक्ष्म आरएनएंची हजारावर जनुके आहेत हे आता माहीत आहे.

सल्स्टन यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. वंशावळ संपल्यावर त्यांनी कृमीचा जनुकसंच वाचायला घेतला. अमेरिकेतले रॉबर्ट वॉटरस्टन यांच्याबरोबर हे काम डिसेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, बहुपेशीय प्राण्याचा वाचलेला हा पहिला जनुकसंच. त्यात सुमारे १९,००० जनुके मोजली गेली. आज प्रथिने बनवणाऱ्या जनुकांचा आकडा २०,००० च्या आसपास धरतात आणि माणसाचाही साधारण तेवढाच आहे, हे ऐकून मुले थोडी नाराज होतात. कृमीवर काम करणाऱ्यांत एक रीत होती, जे मिळेल ते प्रसिद्ध होण्याआधीच एकमेकांना सांगायचे. मानवी जनुकसंचाचे वाचन सुरू झाले आणि पुढे एक खाजगी कंपनीही स्पर्धेत उतरली. त्याआधीच सल्स्टन यांनी हीच रीत मानवी प्रकल्पात आणली होती. १९९६ मध्ये बर्म्युडा येथे ठरले की वाचलेला क्रम २४ तासांत सर्वांसाठी खुला करायचा. माणसाचा जनुकसंच आज कोणालाही विनाशुल्क पाहता येतो, त्यामागे या हट्टाचा मोठा वाटा आहे. सल्स्टन मार्च २०१८ मध्ये गेले, ब्रेनर एप्रिल २०१९ मध्ये.

एलेगन्सवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आज जगभर आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्या चेतापेशींवर काम चालते. शाळेत एलेगन्सचा शुद्ध वाण मिळणे कठीण, पण त्याचे भाऊबंद पायाखालीच आहेत. एका नरसाळ्याच्या नळीला वीतभर रबरी नळी जोडा, तिला खाली चिमटा लावा आणि नरसाळे पाण्याने भरा. बागेतली ओलसर माती किंवा कुजलेल्या फळाभोवतीचा पालापाचोळा मूठभर घेऊन मलमलीच्या फडक्यात सैल बांधा आणि पाण्याला टेकेल अशी पुरचुंडी वर ठेवा. सूत्रकृमी पाण्यात वळवळतात, पण त्यांना वर पोहता येत नाही, त्यामुळे रात्रभरात ते नळीच्या तळाशी जमतात. सकाळी चिमटा सैल करून चार-पाच थेंब काचपट्टीवर घ्या आणि सूक्ष्मदर्शकाच्या सर्वांत कमी शक्तीच्या भिंगाखाली पाहा. शेण किंवा मैल्याची माती घेऊ नका आणि नंतर हात साबणाने धुवायला सांगा. जात ओळखण्याच्या भानगडीत पडू नये, तज्ज्ञांनाही ते सोपे जात नाही. पारदर्शक शरीर, घशाची उघडझाप आणि नागमोडी हालचाल एवढे नीट दिसले तरी पुरे. ही नागमोड गांडुळासारखी लांब-आखूड होत नाही, कारण सूत्रकृमीच्या शरीरात लांबीच्या दिशेचेच स्नायू असतात, वर्तुळाकार नसतात. दोन्ही शेजारी ठेवून मुलांना फरक शोधायला सांगावे, आणि उत्तर आधी सांगू नये.